बंदुकीला कुंकू न लावणारे गुरुजी

मी एकदा कट्ट्याची पूजा केली आहे. कट्टा म्हणजे बसायचा नव्हे, गोळी सुटायचा. हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूचं टपोरं फूल आणि समोर गूळखोबऱ्याचा नैवेद्य. हात जोडून "सगळ्यांना सुखी ठेव" असंही म्हटलं. कुणाला म्हटलं, ते त्या कट्ट्यालाच ठाऊक.

यात माझी अक्कल किती आणि सासूबाईंची शिकवण किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. परंड्यात आमचं लेथ आणि वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. खंडेनवमीला घरातलं एकही हत्यार पूजेवाचून राहू द्यायचं नाही, राहिलं तर ते वर्षभर रुसतं, असं सासूबाई सांगून गेल्या. मी मॅट्रिक पास, त्यात शिक्षकाची लेक, त्यामुळं नाकानं कांदे सोलायची सवय. सासूचा बाकी कुठलाच शब्द मी मानला नसेल. पण हा एक नियम असा पाळायचे की कामाच्या पोरांनी पान्या-हातोड्यांसकट लपून बसावं.

त्या वर्षी आमचे हे दसऱ्यासाठी पायी भवानीला गेले होते, म्हणून सगळी अवजारं मीच रॉकेलनं पुसून पाटावर मांडली. तरी मनाला चैन पडेना. म्हणून वर्कशॉपातल्या फळीमागं हात घालून चाचपलं, तर ग्रीसच्या डब्याच्या पाठीमागं चिंध्यांत गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. लाकडी मूठ, पुढं नळी. फवारणीच्या पंपाचा तुकडा असावा, थोरल्या लेकानं दुरुस्तीला घेतला असावा, असं मी ठरवून टाकलं. पन्नाशी उलटली होती माझी. वयानं अक्कल येते असं ज्यानं कुणी सांगितलं, त्यानं मला पाहिलेलं नव्हतं. ती वस्तू चांगली चकचकीत पुसली, पाटावर मधोमध ठेवली आणि पदर सावरून गुरुजींची वाट बघत बसले.

गुरुजी आले. पाटासमोर बसले. मंत्र सुरू झाला आणि अर्ध्यात थांबला.

तो तसाच थांबू द्या. आधी गुरुजी कोण ते सांगते, नाहीतर तो मंत्र का थांबला ते कळायचं नाही.

नाव लिहीत नाही. गाव त्यांना तोंडावर गुरुजी म्हणायचं आणि पाठ वळली की बंदूकभट. अंगानं काटकुळे, कान मात्र हत्तीचे. सायकलीवर फिरायचे, धोतराचा सोगा चेनमध्ये जाऊ नये म्हणून कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं धरलेला. पूजेला बसले की तो चिमटा काढून पळीपंचपात्राशेजारी ठेवायचे आणि खंडेनवमीला त्यालाही गंध लावायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "हा नसता तर मी केव्हाच भर पेठेत उघडा पडलो असतो. मग पूजा कोणाकडून करून घेतली असती?"

हत्यारांची त्यांना भारी माया. कोयत्याच्या धारेवर अंगठा फिरवून "वा" म्हणायचे, गवयाला म्हणावं तसं. आमच्या लेथला नमस्कार करताना त्यांचे डोळे मिटायचे. घरातल्या बायकांना दटावायचे, "लाटणं कुठंय? सुई कुठंय? विळी का नाही आणली? ज्यानं घर चालतं ते शस्त्र. नवऱ्याचंच तेवढं काय मांडलंय?" दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या कात्र्याचिमट्यांची पूजा सांगायचे. स्टँडवर एसटीच्या स्टेअरिंगला हार घालायचे. न्हाव्याच्या वस्तऱ्यापुढं तर मंत्र दोनदा म्हणायचे. "रोज गावाच्या गळ्यावरनं फिरतो आणि कुणाला मारत नाही," म्हणायचे. "याच्याएवढं सभ्य शस्त्र परंड्यात दुसरं नाही."

पण पाटावर बंदूक दिसली की कुंकवाची वाटी मागं ओढून घ्यायचे.

"त्याला कुंकू नको. ते आपलं आपण लावून घेतं."

एवढं बोलून बाकीची पूजा नीट पुरी करायचे आणि यजमान दक्षिणा द्यायला लागला की हात पाठीमागं न्यायचे. "ती नको. हे द्या." हे म्हणजे ती बंदूक. परवानावाले हसायचे. एका बागाइतदारानं सांगितलं, "गुरुजी, रीतसर परवाना आहे." गुरुजी म्हणाले, "परवाना तुम्हाला आहे. गोळीला कुठंय?"

खरी गंमत परवान्याच्या बंदुकांची नव्हतीच. गंमत होती ती लपवलेल्यांची. वर्षभर कणगीत, माळ्यावर, कडब्याच्या गंजीत दडवलेला गावठी माल त्या एका दिवशी बाहेर यायचा. पोलिसांना छापा घालून जे सापडत नव्हतं, ते गुरुजींना पाटावर आयतं मांडलेलं दिसायचं. आमच्याकडचा माणूस पोलिसाला भीत नाही. पूजा चुकली तर मात्र भितो. गुरुजींनी हे ओळखलं होतं. म्हणून खंडेनवमीला ते घरोघर जायचे, बोलावणं असो नसो, आणि पाहिलेलं कधी कुणाला सांगायचे नाहीत. "देवासमोर दिसलेलं मी चावडीवर नेत नाही," हा त्यांचा नियम. त्या नियमामुळंच लोक त्यांना आत घ्यायचे. नाहीतर बंदूक मागणारा भट दारात कोण उभा करील?

आणि कधीमधी कुणीतरी द्यायचंही. बहुतेक बाईच द्यायची. एका म्हातारीनं ठासणीची बंदूक दिली होती, रझाकारांच्या वेळी घरच्या लोहारानं ठोकून केलेली. सासऱ्यानं ती रझाकारासाठी करवून घेतली, आणि आता बांधाच्या भांडणात दोघं लेक तिच्याकडं बघायला लागले होते. म्हातारी म्हणाली, "न्या बाबा. रझाकार गेलं, ही तेवढी ऱ्हायली." गुरुजींनी ती पंच्यात गुंडाळली, सायकलीच्या कॅरिअरला बांधली, किल्ल्याच्या खंदकात सोडली आणि घरी येऊन डोक्यावरनं आंघोळ केली, मयताला जाऊन आल्यासारखी.

असं का करायचे, ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. कुणी म्हणायचं भाऊ गेला गोळीनं, कुणी म्हणायचं बापाच्या हातून कुणी गेलं. मी एकदा आगाऊपणानं विचारलं. तर म्हणाले, "वहिनी, विंचू मारणाऱ्याला विचारता का, तुला कधी चावला होता?"

स्टँडसमोरच्या हॉटेलात त्यांचं आणि गावाचं यावरनं रोज वाजायचं. बायकांनी काही तिथं बसायची सोय नाही. मला हे आमच्या ह्यांनी रात्री जेवताना नकला करून सांगितलेलं. एक निवृत्त हेडमास्तर होते, त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक घराला परवाना देऊन टाका, चोरच घराबाहेर पडायला भितील. आणि एक शेंगा पिकवणारा होता, तो डुकरांनी गांजलेला.

तो म्हणायचा, "रानडुकरं एक डहाळा ठेवत न्हाईत, गुरुजी. तुमी काय भुईमूग पेरताव का? मंत्रानं जातंय का डुक्कर?"

"नाही जात. तू घेतलीयस ना एक? डुकरावर किती वेळा चालली?"

"एकदा. लागली न्हाय."

"आणि भावकीवर?"

तो बशीतल्या चहावर फुंकर घालत बसायचा. "उगं दाखवली फक्त."

"हां. डुकराला दाखवून भागत नाही आणि भावकीत दाखवून थांबत नाही."

निवडणुका आल्या की गुरुजींना जोर चढायचा. "बघा, परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या आणि बिनपरवान्याच्या प्रचाराला लागल्या. कायदा पाळतो त्याचंच हत्यार कायद्याला सापडतं." यावर हेडमास्तर टेबलावर थाप मारायचे, "मग माझंच म्हणणं खरं झालं की." आणि इथं गुरुजी चहाचा उरलेला घोट संपवायला लागायचे. ह्यांना ते फार आवडायचं. ते सांगायचे, गुरुजी त्या वेळी कान हलवतात. मीही हसायचे. आम्हाला तो सगळा तमाशाच वाटायचा, कारण बंदूक ही दुसऱ्याच्या घरात असते, अशी आमची समजूत होती.

तर मंत्र थांबला.

"वहिनी, हे काय आहे?"

"पंपाचं आहे," मी म्हटलं. "फवारणीच्या."

"कुठल्या किडीवर मारतात?"

मी जरा विचार केला. मॅट्रिक पास बाई, उत्तर येत नाही कसं म्हणायचं? "माव्यावर असंल," म्हटलं.

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी कुंकवाची वाटी मागं घेतली. मी आधीच लावलेलं कुंकू त्या नळीवर होतं, ते त्यांनी आपल्या पंच्याच्या टोकानं पुसून काढलं. तेवढ्यात थोरला आत आला. पाटाकडं बघितलं आणि त्याच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. तेव्हा मला कळलं की ते पंपाचं नाही, आणि दुरुस्तीला आलेलंही नाही. ते आमच्याच लेथवर झालं होतं. कसं करतात, कुणी दाखवलं, ते मला नंतर समजलं, पण लिहिणार नाही. उगं आणखी कुणाच्या पोराला अक्कल यायची.

"दक्षिणा नको," गुरुजी म्हणाले. "हे द्या."

थोरला म्हणाला, "लोकाची वस्तू हाय, गुरुजी. गिऱ्हाइकाची. आमच्या हातात न्हाय ते."

"आज नका देऊ. आज पाटावरनं काही उचलायचंच नसतं. उद्या संध्याकाळी मी सोनं द्यायला येतो. तेव्हा वहिनींनी द्यावं." थोरल्याकडं त्यांनी बघितलंही नाही. चिमटा धोतराला लावला आणि गेले.

म्हणजे माझ्याकडं अख्खा दसरा होता. पुरणाची पोळी लाटता लाटता मी सगळा विचार केला, आणि किती शहाण्यासारखा केला ते ऐका. गुरुजींना दिलं तर ते खंदकात टाकणार, कुणाला सांगणार नाहीत, हे मला माहीत होतं. पण गिऱ्हाईक म्हणजे वाळूचे ट्रॅक्टर चालवणाऱ्याचा लेक, तो थोरल्याला सोडणार नाही, हेही माहीत होतं. थोरला चुलीपाशी येऊन बसला. लहानपणी ताप आल्यावर बसायचा तसा. "आई, एवढी एक दिऊन टाकतो. पुन्हा हात लावत न्हाय. तुझी शपथ." मी म्हटलं, "माझी नको, भवानीची घे." त्यानं घेतली. झालं. एवढ्या मोठ्या देवीला साक्षीला घेतल्यावर मला वाटलं, आता काय व्हायचंय.

मग मी एक हुशारी केली. थोरला ती वस्तू घेऊन गेल्यावर मी परसातनं खराखुरा फवारणीचा पंप आणला. त्याचा दांडा काढला, पुसला आणि पाटावर मधोमध, त्याच जागी ठेवला. झेंडूचं तेच फूल उचलून त्याच्यावर ठेवलं. जणू गुरुजींना डोळे नव्हते, नुसते कानच होते.

संध्याकाळी गुरुजी आले. पाटाकडं बघत उभे राहिले. मला आपट्याचं पान दिलं, मी पाया पडले. म्हणाले, "पंप चांगला आहे, वहिनी." आणि खाली वाकून त्या दांड्याला कुंकू लावलं.

मला त्या वेळी, खोटं कशाला बोलू, आपण जिंकल्यासारखं वाटलं.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नं सुरू झाली. कुर्डुवाडी रस्त्यावरच्या एका कार्यालयापुढं वरात नाचत होती. वाळूवाल्याच्या लेकाला मित्राच्या लग्नात हवेत बार काढायचा होता. पहिल्यांदा उडाला नाही. म्हणून त्यानं हात खाली घेतला, का उडत नाही ते बघायला. तेव्हा उडाला. बेंजो पार्टीत ताशा वाजवणारा समोर होता, त्याला लागला. बार्शीला नेईपर्यंत संपला. त्याच्या ताशाच्या स्टँडला आमच्याच दुकानात वेल्डिंग झालं होतं. स्टँड गार होईपर्यंत ओट्यावर बसून माझ्या हातचा चहा प्यायला होता. साखर जास्त मागितली होती.

वाळूवाल्याचा लेक धरला गेला, पण ती वस्तू सीना नदीच्या पाण्यात गेली म्हणे, आणि कुठनं आणली ते त्यानं सांगितलं नाही. आमच्या दारापर्यंत कुणी आलं नाही. थोरला काही दिवस जेवला नाही, मग जेवायला लागला. पोट कुणाचं ऐकत नाही. शपथ मात्र त्यानं पाळली, पुन्हा तसल्या कामाला हात लावला नाही. पण शपथेचा उपयोग ज्याला व्हायचा, तो ताशा ठेवून गेला होता. आमचे हे वारले तेही ही गोष्ट न कळता. त्यांनी जेवताना गुरुजींची नक्कल काढली की मी ताट घेऊन उठायचे.

त्या ताशेवाल्याची बायको पुढं रविवारच्या बाजारात भाजी घेऊन बसायला लागली. मी तिच्याकडनंच घ्यायची. ती देईल ती जुडी पिशवीत टाकायची. एकदा ती म्हणाली, "आज्जी, तुमी निवडून का घेत न्हाईत? समद्या बाया निवडत्यात." मी म्हटलं, डोळ्यानं दिसत नाही. तेव्हा मला सुईत दोरा ओवता येत होता.

गुरुजी त्या लग्नानंतर एकदा आले होते. सायकल धरून दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तर मान हलवली. आता हा माणूस मला काहीतरी बोलेल, शाप देईल, म्हणून मी वाट बघत राहिले. शेवटी मीच उलटले. चोराच्या उलट्या बोंबा. म्हटलं, "तुम्ही तरी का नाही सांगितलं पोलिसात? तुम्ही तर बघितलं होतं."

"सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी कुणी पाटावर मांडलं नसतं." थोडा वेळ घंटीवरची धूळ पुसत राहिले. "माझा नियम वाचला, वहिनी. माणूस गेला."

त्यानंतर त्यांनी खंडेनवमी सोडली. सत्यनारायण सांगायचे, वास्तुशांत सांगायचे, पण त्या दिवशी घरातनं बाहेर पडायचे नाहीत. हॉटेलात हेडमास्तर वाद काढायचे, तर गुरुजी म्हणायचे, "तुमचंच खरं असेल." हेडमास्तरांना ते सहन व्हायचं नाही. वाद जिंकलेला माणूस एवढा हिरमुसलेला मी पाहिला नाही. घरोघरचं काम पुतण्याकडं गेलं. पुतण्या आधुनिक, मंत्र मोबाइलवर लावून देतो, आणि पाटावर काय आहे ते न बघता सगळ्यावर कुंकू उडवतो. पोरं त्या पाटामागं उभी राहून फोटो काढतात.

गेल्या वर्षी आमच्या नातवानं, थोरल्याच्या लेकानं, दुकानात एक यंत्र आणलं. प्लास्टिकचा दोरा वितळवून थरावर थर देतं, जिलबीवाला कढईवर हात फिरवतो तसं. त्यावर देवीचे कीचेन निघतात, मोबाइलचे स्टँड निघतात, जुन्या मिक्सरची मोडकी चाकं निघतात. मला कौतुकच वाटायचं. यंदाच्या खंडेनवमीला मी, आता पंचाहत्तरीची, त्या यंत्राला फुलं वाहायला गेले. शेजारी टेबलावर एक पिस्तूल पडलं होतं. पांढरं. फळीमागं नाही, चिंध्यांत नाही, कीचेनांच्या ढिगाशेजारी, उघडं.

"हे काय रे?"

"खेळणंय, आजी. रीलसाठी."

"ह्यात गोळी बसती का?"

नातू हसला. गोड हसतो पोरगा, आजोबांसारखा. "बसवली तर बसती."

थोरला तिथंच होता. त्यानं ते बघितलं. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिला.

मी म्हटलं, "ह्याची पूजा करायची का?"

"प्लास्टिकची कसली पूजा."

"मग हे मी घेऊन जाते."

मला वाटलं, तो हिसकावून घेईल, रुसेल, लोकाचं आहे म्हणेल. मी भांडणाची सगळी तयारी केली होती. तो म्हणाला, "ने की, आजी. संध्याकाळपर्यंत दुसरं निघतं." आणि मोबाइल बघायला लागला.

मी ते पिशवीत घातलं, रिक्षा केली आणि गुरुजींच्या घरी गेले. ते आता अंथरुणातच असतात. कान तेवढे तसेच आहेत. सुनेनं त्यांना उशीला टेकवून बसवलं. मी पिशवीतनं ती वस्तू काढून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "गुरुजी, या वेळी मी स्वतः आणलंय. कुणाला विचारलं नाही."

त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं. "हलकं आहे," म्हणाले. "कुणी केलं?"

"नातवानं."

"द्यायला कुरकुरला?"

"नाही. दुसरं निघतं म्हणाला."

त्यांनी ते गोधडीवर ठेवलं. हात काढून घेतला. मी वाट बघत राहिले. एवढी म्हातारी झाले, तरी शाबासकीची हाव काही सुटत नाही. या वेळी बरोबर वागलात, एवढं तरी म्हणतील, असं वाटत होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले,

"वहिनी, तेव्हा ती एकच होती. तेव्हा द्यायची होती."